इंग्रजी वाक्यातील समांतर रचना : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

इंग्रजी लेखनाविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे यावेळी एकाच विषयाची आहेत. 'अँड', 'ऑर', 'बट' अशा उभयान्वयी अव्ययांनी जोडलेले घटक एकाच व्याकरणिक रूपात ठेवावेत, या नियमाला समांतर रचनेचा नियम म्हणतात. तो ऐकायला सोपा आहे, परंतु लिहिताना निसटतो, म्हणून आजचे सदर संपूर्णपणे त्यालाच दिले आहे. इंग्रजी वाक्ये देवनागरीत छापली आहेत. ती कृपया मोठ्याने वाचावीत, कारण या प्रकारच्या चुका पुष्कळदा डोळ्यांआधी कानांना कळतात.

प्रश्न : मी आमच्या गृहनिर्माण संस्थेचा मानद सचिव आहे. सोसायटीच्या सूचनाफलकावर मी पुढील सूचना लावली होती : 'मेंबर्स आर रिक्वेस्टेड टू पार्क इन देअर ओन स्लॉट्स, नॉट थ्रोइंग गार्बेज फ्रॉम बाल्कनीज, अँड दॅट मेंटेनन्स शुड बी पेड बाय द टेन्थ.' इमारतीतील एका निवृत्त प्राध्यापकांनी हे वाक्य समांतर नसल्याचे सांगितले. अर्थ तर सर्व सभासदांना कळला. मग यात नेमके चुकले काय?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : आपल्या वाक्यात 'मेंबर्स आर रिक्वेस्टेड' हा सामाईक भाग आहे आणि त्याच्यापुढे तीन विनंत्या आहेत. पहिली विनंती 'टू पार्क' अशी इन्फिनिटिव्हने, म्हणजे 'टू' लावलेल्या मूळ क्रियापदाने, सुरू होते, दुसरी 'नॉट थ्रोइंग' अशी आयएनजी लावलेल्या रूपाने सुरू होते आणि तिसरी म्हणजे 'दॅट'ने सुरू होणारे, स्वतःचा वेगळा कर्ता असलेले उपवाक्य आहे. तिन्ही विनंत्यांचे वाक्यातील काम एकच असताना त्यांना तीन निरनिराळी रूपे मिळाली आहेत. दुरुस्त वाक्य असे होईल : 'मेंबर्स आर रिक्वेस्टेड टू पार्क इन देअर ओन स्लॉट्स, नॉट टू थ्रो गार्बेज फ्रॉम देअर बाल्कनीज, अँड टू पे देअर मेंटेनन्स बाय द टेन्थ.'

स्वतःचे वाक्य तपासण्याची एक साधी रीत आहे. सामाईक भाग घ्यावा आणि त्याच्यापुढे प्रत्येक घटक एकेकटा जोडून वाचावा. 'मेंबर्स आर रिक्वेस्टेड टू पार्क' हे ठीक वाटते, परंतु 'मेंबर्स आर रिक्वेस्टेड नॉट थ्रोइंग' असे म्हणताच वाक्य अडखळते. पहिला घटक सामाईक भागाला अगदी जवळ असल्यामुळे तो सहसा चुकत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या घटकापर्यंत पोहोचताना लिहिणाऱ्याला सुरुवात कशी केली होती याचा विसर पडतो, आणि चूक तिथे होते.

आता हीच सूचना आपण मराठीत कशी लिहिली असती ते पाहू. 'सभासदांनी आपापल्या जागेतच वाहन उभे करावे, गॅलरीतून कचरा टाकू नये आणि देखभाल शुल्क दहा तारखेपर्यंत भरावे.' करावे, टाकू नये, भरावे : तिन्ही क्रियापदे विध्यर्थी आहेत, आणि ती तशी ठेवायची असतात हे आपल्याला कोणी वेगळे शिकवलेले नाही. म्हणजे समांतर रचनेची जाण आपल्याकडे आहेच. अडचण येते ती तिच्या जागेमुळे. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते आणि विभक्तीचे प्रत्यय शब्दाच्या शेवटी लागतात, त्यामुळे घटकांचे सारखेपण आपण त्यांच्या शेवटात ऐकतो. इंग्रजीतील 'टू', 'दॅट', 'ऑफ', 'इन', 'द' हे शब्द मात्र घटकाच्या आधी येतात, त्यामुळे तेथे सारखेपण घटकाच्या पहिल्याच शब्दात पाहावे लागते. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आपण सर्वांनी वाचलेली लोकशाहीची व्याख्या घ्या. अब्राहम लिंकन यांच्या १९ नोव्हेंबर १८६३ रोजीच्या गेटिसबर्ग येथील भाषणात ती 'ऑफ द पीपल, बाय द पीपल, फॉर द पीपल' अशी आहे. मराठीत आपण 'लोकांचे, लोकांनी, लोकांसाठी' असे म्हणतो. इंग्रजीत तिन्ही घटकांच्या आरंभी प्रिपोझिशन आहे, मराठीत तिन्हींच्या शेवटी प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय आहे. रचना दोन्हीकडे तितकीच काटेकोर आहे, फक्त ती ओळखण्याचे टोक बदलले आहे. मराठी भाषकाने इंग्रजी वाक्य तपासताना नजर प्रत्येक घटकाच्या सुरुवातीकडे वळवली, तर या विषयातील बहुतेक चुका त्याला स्वतःलाच सापडतील, असे माझे ठाम मत आहे.

पुढच्या वेळी सूचना क्रमांक घालून मुद्द्यांच्या रूपात देणार असाल, तरी नियम हाच राहतो. वरच्या ओळीत 'मेंबर्स आर रिक्वेस्टेड टू' असे लिहिले, तर खालचा प्रत्येक मुद्दा 'पार्क', 'कीप', 'पे' अशा मूळ क्रियापदानेच सुरू झाला पाहिजे. एखादा मुद्दा त्या साच्यात बसत नसेल, तर तो यादीबाहेर काढून स्वतंत्र वाक्यात लिहावा. 'पाण्याची टाकी रविवारी धुतली जाईल' ही माहिती आहे, विनंती नाही. तिला विनंत्यांच्या यादीत जागा देऊ नये.

प्रश्न : माझ्या निबंधात 'आय लाइक स्विमिंग, टू रीड अँड ट्रेकिंग' या वाक्याखाली शिक्षिकांनी लाल रेघ ओढली. परंतु 'आय लाइक स्विमिंग' हेही बरोबर आहे आणि 'आय लाइक टू रीड' हेही बरोबर आहे. प्रत्येक तुकडा बरोबर असताना पूर्ण वाक्य चूक कसे ठरते?
— एक विद्यार्थिनी, मुलुंड

उत्तर : तुमची शंका रास्त आहे, आणि वरच्या उत्तरात दिलेल्या तपासणीची मर्यादाही तिच्यामुळे स्पष्ट होते. घटक एकेकटा जोडून पाहिल्यावर वाक्य अडखळले, तर चूक नक्की आहे. अडखळले नाही, तर मात्र एवढ्यावर थांबून चालत नाही. 'लाइक' या क्रियापदापुढे जेरंडही (म्हणजे नामासारखे वापरलेले आयएनजीचे रूप) चालतो आणि इन्फिनिटिव्हही चालतो. निवड लिहिणाऱ्याची आहे, पण ती एका मालिकेत एकदाच करायची असते. म्हणून 'आय लाइक स्विमिंग, रीडिंग अँड ट्रेकिंग' असे लिहा किंवा 'आय लाइक टू स्विम, टू रीड अँड टू ट्रेक' असे लिहा.

ही चूक आपल्याकडे इतकी का आढळते, याचेही कारण आहे. 'मला पोहणे, वाचणे आणि डोंगर चढणे आवडते' या वाक्यात तिन्ही क्रियांना एकच 'णे' लागतो. त्या एका रूपासाठी इंग्रजीत 'स्विमिंग' आणि 'टू स्विम' अशी दोन रूपे उपलब्ध असतात. मनात मराठी वाक्य तयार असलेला लेखक प्रत्येक 'णे'पाशी नव्याने निवड करतो आणि कधी एक, कधी दुसरे रूप उचलतो. काही क्रियापदे तर ही मुभाही देत नाहीत : 'एन्जॉय', 'अव्हॉइड' आणि 'फिनिश' यांच्यापुढे जेरंडच येतो, 'डिसाइड', 'होप' आणि 'वाँट' यांच्यापुढे इन्फिनिटिव्हच येतो. म्हणून आधी मुख्य क्रियापद काय मागते ते पाहावे आणि मग संपूर्ण मालिका त्याच रूपात लिहावी.

'टू' प्रत्येक घटकापूर्वी लिहावा की एकदाच, असे तुम्ही पत्राच्या शेवटी विचारले आहे. 'टू स्विम, रीड अँड ट्रेक' हेही शुद्ध आहे आणि 'टू स्विम, टू रीड अँड टू ट्रेक' हेही शुद्ध आहे. 'टू स्विम, रीड अँड टू ट्रेक' हे मात्र टाळावे, कारण तेथे दुसऱ्या घटकाला गाळलेला 'टू' तिसऱ्याला पुन्हा दिला आहे. हाच न्याय प्रिपोझिशन आणि आर्टिकल यांनाही लागू होतो. 'द ट्रेन स्टॉप्स अॅट दादर, कुर्ला अँड अॅट ठाणे' हे वाक्य एक तर 'अॅट दादर, कुर्ला अँड ठाणे' असे लिहावे, नाहीतर तिन्ही स्थानकांपूर्वी 'अॅट' घालावा.

प्रश्न : मी विधी शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. समांतर रचना हा केवळ शैलीचा आणि सौंदर्याचा भाग आहे, की तिच्यामुळे मजकुराचा अर्थही बदलू शकतो? कायद्याच्या भाषेतील उदाहरण मिळाले तर उपयोग होईल.
— एक वाचक, चर्चगेट

उत्तर : अर्थ बदलू शकतो, आणि त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते, याचे अलीकडचे उदाहरण अमेरिकेतील मेन या राज्यातले आहे. त्या राज्याच्या कायद्यात जादा कामाच्या मोबदल्यातून काही कामे वगळलेली होती. वगळलेल्या कामांची यादी अशी होती : 'द कॅनिंग, प्रोसेसिंग, प्रिझर्व्हिंग, फ्रीझिंग, ड्राइंग, मार्केटिंग, स्टोअरिंग, पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन ऑफ', आणि त्यापुढे शेतमाल, मांस व मासळीचे पदार्थ आणि नाशिवंत खाद्यपदार्थ यांचा उल्लेख होता. एका दूध कंपनीचे वाहनचालक मालाचे वितरण करीत असत, परंतु तो बांधत नसत. वितरण हे यादीतील स्वतंत्र काम असेल तर त्यांना जादा मोबदला मिळणार नव्हता. 'पॅकिंग' याच कामाचे वर्णन 'शिपमेंटसाठी किंवा डिस्ट्रिब्यूशनसाठी बांधणे' असे असेल, तर मिळणार होता.

हा खटला स्वल्पविरामाचा खटला म्हणून गाजला, कारण 'शिपमेंट' या शब्दानंतर स्वल्पविराम नव्हता. परंतु चालकांच्या युक्तिवादातील दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि तो समांतर रचनेचा होता. यादीतील 'कॅनिंग'पासून 'पॅकिंग'पर्यंतचे प्रत्येक काम जेरंडच्या रूपात आहे. 'शिपमेंट' आणि 'डिस्ट्रिब्यूशन' हे दोनच शब्द साधी नामे आहेत. मग ही दोन नामे परस्परांची सोबती आहेत, दोन्ही 'फॉर'च्या कक्षेत येतात, आणि 'डिस्ट्रिब्यूशन' हे स्वतंत्र काम असते तर तेही इतरांप्रमाणे 'डिस्ट्रिब्यूटिंग' असे लिहिले गेले असते, असे त्यांचे म्हणणे होते. अपील न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये ही तरतूद संदिग्ध ठरवली आणि अशा संदिग्धतेत कायद्याचा हेतू साधेल असा अर्थ घ्यावा या तत्त्वानुसार चालकांच्या बाजूने निकाल दिला. पुढे २०१८ मध्ये पन्नास लाख डॉलरवर तडजोड झाली. त्या राज्याच्या विधिमंडळाने या निकालानंतर कायद्याचा मजकूर दुरुस्त केला, तेव्हा कामांमध्ये अर्धविराम घातले आणि 'डिस्ट्रिब्यूशन'च्या जागी 'डिस्ट्रिब्यूटिंग' हा शब्द घातला. केवळ विरामचिन्हे बदलून न थांबता शब्दाचे रूपही बदलले गेले, याची कायद्याच्या विद्यार्थ्याने आवर्जून नोंद घ्यावी.

चांगल्या समांतर रचनेसाठी तुम्हाला दूर जाण्याची गरज नाही. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेने स्वीकारलेल्या आपल्या संविधानाची उद्देशिका इंग्रजीत एक संपूर्ण वाक्य आहे, आणि इतके लांब वाक्य वाचताना आपण कुठेही हरवत नाही, याचे श्रेय माझ्या मते तिच्या समांतर रचनेला आहे. 'हॅविंग सॉलेम्नली रिझॉल्व्ड' या शब्दांनंतर तीन संकल्प येतात : 'टू कॉन्स्टिट्यूट', 'टू सिक्युअर' आणि 'टू प्रमोट'. दुसऱ्या संकल्पाच्या पोटात न्याय, स्वातंत्र्य आणि समानता यांची लांबलचक मालिका आहे. ती संपल्यावर तिसरा संकल्प सुरू होतो हे वाचकाला कळते ते 'अँड टू प्रमोट' यातील 'टू'मुळे. तो गाळला असता, तर 'प्रमोट' कशाला जोडायचे हे शोधण्यासाठी वाचकाला बऱ्याच ओळी मागे जावे लागले असते. अधिकृत मराठी पाठातही हीच बांधणी आहे : 'घडविण्याचा', 'प्राप्त करून देण्याचा' आणि 'प्रवर्धित करण्याचा'. इंग्रजीतील आरंभीचा 'टू' मराठीत शेवटच्या 'ण्याचा'मध्ये आला आहे.

आता आतील मालिका पाहा. 'जस्टिस'नंतर 'सोशल, इकॉनॉमिक अँड पोलिटिकल' ही तिन्ही विशेषणे आहेत. मध्येच एखादे नाम घुसलेले नाही. 'लिबर्टी'नंतर 'ऑफ थॉट, एक्स्प्रेशन, बिलीफ, फेथ अँड वर्शिप' असे आहे, म्हणजे पाच नामांसाठी 'ऑफ' एकदाच आलेला आहे. परंतु 'इक्वॅलिटी'नंतर 'ऑफ स्टेटस अँड ऑफ ऑपॉर्च्युनिटी' असे आहे, म्हणजे अवघ्या दोन नामांसाठी 'ऑफ' दोनदा आहे. व्याकरणदृष्ट्या एक 'ऑफ' पुरला असता. दोनदा आल्यामुळे दर्जाची समानता आणि संधीची समानता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकीच्या पूर्ततेने दुसरीची पूर्तता होत नाही, असा अर्थ मला त्या पुनरुक्तीतून ऐकू येतो. मराठी पाठात पाच स्वातंत्र्यांसाठी एकच 'यांचे' आहे आणि समानतेसाठी मात्र 'दर्जाची व संधीची' असा प्रत्यय दोनदा लावला आहे.

आणखी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत 'सोशलिस्ट', 'सेक्युलर' आणि 'इंटिग्रिटी' हे शब्द घातले गेले. त्या दुरुस्तीविषयी मते काहीही असोत, वाक्यरचनेच्या अंगाने पाहिले तर पहिले दोन शब्द 'सॉव्हरिन' आणि 'डेमोक्रॅटिक' या विशेषणांच्या मध्ये विशेषण म्हणूनच बसले, आणि 'इंटिग्रिटी' हे नाम 'युनिटी' या नामाच्या शेजारी बसले. बाकीच्या वाक्याला धक्का लागला नाही. कलमे आणि पोटकलमे लिहिताना ही गोष्ट फार उपयोगी पडते, कारण समांतर मालिकेत पुढे कधीही नवा घटक घालता येतो किंवा जुना काढता येतो.

प्रश्न : मी मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवते. 'नॉट ओन्ली… बट ऑल्सो' आणि 'आयदर… ऑर' या जोड्या विद्यार्थी वापरतात, पण शब्द चुकीच्या जागी ठेवतात. त्यांना पटेल असे कसे समजवावे?
— एक शिक्षिका, परळ

उत्तर : इथे मराठी भाषकाला मराठीचीच मदत घेता येते, आणि ती वर्गात फार सहज पटते असा माझा अनुभव आहे. विद्यार्थी लिहितात : 'ही नॉट ओन्ली टीचेस मॅथ्स बट ऑल्सो सायन्स.' येथे 'नॉट ओन्ली'नंतर क्रियापद आले आहे आणि 'बट ऑल्सो'नंतर नाम आले आहे. त्यांना हे वाक्य मराठीत म्हणायला सांगा. ते म्हणतील, 'सर गणितच नव्हे, तर विज्ञानही शिकवतात.' आता 'च' कोणत्या शब्दाला लागला आणि 'ही' कोणत्या शब्दाला लागला, एवढेच विचारा. 'च' गणिताला लागला, म्हणून 'नॉट ओन्ली' गणिताच्या लगेच आधी येईल. 'ही' विज्ञानाला लागला, म्हणून 'बट ऑल्सो' विज्ञानाच्या लगेच आधी येईल. वाक्य तयार होते : 'ही टीचेस नॉट ओन्ली मॅथ्स बट ऑल्सो सायन्स.' उलट 'सर गणित शिकवतातच, पण पेटीही वाजवतात' असे म्हणायचे असेल, तर जोर दोन क्रियांवर आहे, आणि मग 'ही नॉट ओन्ली टीचेस मॅथ्स बट ऑल्सो प्लेज द हार्मोनियम' हेच योग्य ठरते. मराठी वाक्यात जोर ज्यावर आहे, त्याच्या लगेच आधी इंग्रजी जोडीतील शब्द ठेवावा, एवढे सूत्र मुलांना पुरते.

'आयदर… ऑर', 'नायदर… नॉर', 'बोथ… अँड' आणि 'व्हेदर… ऑर' यांनाही तोच नियम आहे : जोडीतील पहिल्या शब्दानंतर जे रूप येईल तेच दुसऱ्या शब्दानंतर यावे. 'यू मस्ट आयदर टेक द हार्बर लाइन ऑर द बस' असे न लिहिता 'यू मस्ट टेक आयदर द हार्बर लाइन ऑर द बस' असे लिहावे. 'बोथ इन मुंबई अँड पुणे' हे वाक्यांश म्हणून अपुरे आहे; 'इन बोथ मुंबई अँड पुणे' किंवा 'बोथ इन मुंबई अँड इन पुणे' यांपैकी एक निवडावे. हा नियम बोलताना पुष्कळ जण पाळत नाहीत, जन्मापासून इंग्रजी बोलणारेही पाळत नाहीत, आणि त्याबद्दल कोणाला टोकण्याचे कारण नाही. लिखित इंग्रजीत मात्र विद्यार्थ्यांकडून तो पाळून घ्यावा, कारण परीक्षेतील वाक्य दुरुस्तीच्या प्रश्नांत नेमकी हीच जागा तपासली जाते.

प्रश्न : बँकेच्या परीक्षेच्या सरावात 'द रेन्ट्स इन दादर आर हायर दॅन कल्याण' या वाक्यात चूक शोधायची होती. मला ती सापडली नाही.
— एक उमेदवार, कुर्ला

उत्तर : तुलनेतही दोन्ही बाजू एकाच जातीच्या असाव्या लागतात. या वाक्यात एका बाजूला दादरमधील भाडी आहेत आणि दुसऱ्या बाजूला कल्याण हे गाव आहे. भाड्यांची तुलना गावाशी झाली आहे. 'द रेन्ट्स इन दादर आर हायर दॅन दोज इन कल्याण' असे हवे. भाडे एकवचनी असेल, तर 'दोज'ऐवजी 'दॅट' येईल. मराठीत 'दादरची भाडी कल्याणपेक्षा जास्त आहेत' असे आपण निःशंकपणे बोलतो आणि ते खटकत नाही, म्हणूनच ही चूक तुमच्या नजरेतून सुटली असावी. याच प्रकारातील दुसरे वाक्य सरावात नेहमी येते : 'टू ट्रॅव्हल बाय लोकल इज चीपर दॅन टेकिंग अ टॅक्सी.' येथे 'ट्रॅव्हलिंग बाय लोकल इज चीपर दॅन टेकिंग अ टॅक्सी' असे दोन्ही बाजूंना जेरंड ठेवावेत.

प्रश्न : नोकरीच्या अर्जासोबतच्या माहितीपत्रात मी माझ्या कामाचे वर्णन असे केले आहे : 'मॅनेजिंग व्हेंडर अकाउंट्स, प्रिपेअर्ड मंथली रिपोर्ट्स, कोऑर्डिनेशन विथ ब्रँचेस.' शिवाय परिचयाच्या वाक्यात 'आय अॅम हार्डवर्किंग, पंक्च्युअल अँड हॅव गुड कम्युनिकेशन स्किल्स' आणि 'आय अॅम इंटरेस्टेड अँड कॅपेबल ऑफ लीडिंग अ टीम' असे लिहिले आहे. कृपया तपासून द्यावे.
— एक वाचक, अंधेरी

उत्तर : कामाच्या यादीतील तिन्ही ओळी भूतकाळी क्रियापदाने सुरू करा : 'मॅनेज्ड', 'प्रिपेअर्ड', 'कोऑर्डिनेटेड'. सध्याच्या नोकरीतील कामे असतील, तर 'मॅनेज', 'प्रिपेअर', 'कोऑर्डिनेट' असे वर्तमानकाळी रूप घ्या. जुन्या आणि नव्या नोकरीच्या याद्या वेगळ्या असल्यामुळे त्यांची रूपे वेगळी असण्यास हरकत नाही.

परिचयाच्या वाक्यातील चूक अधिक अवघड आहे, आणि ती चांगल्या चांगल्या लेखकांच्या हातूनही होते. 'हार्डवर्किंग, पंक्च्युअल अँड' एवढे वाचल्यावर वाचक तिसऱ्या विशेषणाची वाट पाहतो, आणि तिथे 'हॅव' हे नवे क्रियापद येते. खरे पाहता आपल्याकडे तीन घटकांची एक मालिका नाहीच. दोन विशेषणांची एक जोडी आहे आणि दोन क्रियापदांची दुसरी जोडी आहे. म्हणून 'अँड' दोनदा लिहावा लागतो : 'आय अॅम हार्डवर्किंग अँड पंक्च्युअल, अँड आय हॅव गुड कम्युनिकेशन स्किल्स.' 'अँड'ची पुनरावृत्ती टाळण्याच्या ओढीने ही चूक घडते, परंतु ती पुनरावृत्ती इथे आवश्यक आहे.

तिसऱ्या वाक्यात 'इंटरेस्टेड'ला 'इन' लागतो आणि 'कॅपेबल'ला 'ऑफ' लागतो. दोन्ही प्रिपोझिशन वेगळी असल्यामुळे एक गाळता येत नाही : 'आय अॅम इंटरेस्टेड इन अँड कॅपेबल ऑफ लीडिंग अ टीम.' ही रचना शुद्ध असली तरी जड वाटते; 'आय अॅम इंटरेस्टेड इन लीडिंग अ टीम अँड कॅपेबल ऑफ डूइंग सो वेल' असे लिहिले तर बरे.

प्रश्न : मी अनेक वर्षे इंग्रजी बातम्यांचे संपादन केले. 'शी स्पोक स्लोली अँड विथ ग्रेट केअर' अशा वाक्यात 'स्लोली' हे क्रियाविशेषण आहे आणि 'विथ ग्रेट केअर' हा प्रिपोझिशनने सुरू होणारा शब्दसमूह आहे. नियमानुसार हे असमांतर म्हणून बदलावे का? या नियमाचा अतिरेक होत नाही ना?
— एक वाचक, दादर

उत्तर : ते वाक्य बदलू नये. 'स्लोली' आणि 'विथ ग्रेट केअर' यांची बाह्य रूपे वेगळी असली, तरी दोन्ही एकाच प्रश्नाचे, म्हणजे ती कशी बोलली या प्रश्नाचे, उत्तर देतात. दोघांचे वाक्यातील कार्य एकच आहे. मूळ अट कार्य समान असण्याची आहे, आणि रूपाची समानता ही त्या कार्याची वाचकाला दिसणारी खूण आहे. कार्य निःसंशय कळत असेल आणि घटक दोनच व आखूड असतील, तर रूपात थोडा फरक चालतो. 'ही इज अ डॉक्टर अँड प्राउड ऑफ इट' या वाक्यात नाम आणि विशेषण जोडलेले आहेत, तरी ते सहज आणि शुद्ध इंग्रजी आहे. याउलट घटक तीन-चार असतील, लांब असतील किंवा त्यांच्या पोटात आणखी मालिका असतील, तर रूपाची शिस्त तंतोतंत पाळावी.

अतिरेकाविषयी आपण व्यक्त केलेली काळजी मलाही वाटते, विशेषतः जेव्हा संपादक रूपे जुळवतो आणि आशय जुळतो की नाही हे पाहायचे विसरतो. 'द मार्केट सेल्स फ्रूट्स, मँगोज अँड व्हेजिटेबल्स' या वाक्यात तिन्ही घटक अनेकवचनी नामे आहेत, त्यामुळे व्याकरण बिनचूक आहे. परंतु आंबा फळांतच मोडतो, म्हणून ती यादी विचाराच्या पातळीवर असमांतर आहे. 'द रिपोर्ट डिस्कसेस फ्लडिंग, ड्रेनेज अँड जुलै' यातही तीन नामेच आहेत, पण पहिली दोन विषयांची आहेत आणि तिसरे काळाचे आहे. अशा वाक्यात रूप बदलून उपयोग नसतो, घटकच वेगळा करावा लागतो : 'द रिपोर्ट डिस्कसेस फ्लडिंग अँड ड्रेनेज इन जुलै.' बातमीच्या मेजावर वेळ कमी असताना मी तरी आधी घटक एका जातीचे आहेत का हे पाहीन, मग त्यांचे पहिले शब्द जुळतात का हे पाहीन, आणि वेळ उरलाच तर सर्वांत लांब घटक शेवटी नेईन, म्हणजे वाचकाला आखूड घटक मनात धरून ठेवणे सोपे जाते.